बंड्याला झूल घालायची का?

डिसेंबर लागला की आपल्या शहरात दोन गोष्टी हमखास होतात. पेपरात शेकोटीचा फोटो येतो आणि पेट शॉपच्या काचेत कुत्र्यांचे स्वेटर लटकायला लागतात. लाल, हिरवे, टोपीवाले, एकावर तर चक्क सांताक्लॉज. बारा-तेरा डिग्रीत आपल्याला हुडहुडी भरते, मग घरच्या लॅब्रेडॉरलाही भरणारच, असा साधासरळ हिशोब. लॅब्रेडॉर बिचारा जीभ बाहेर काढून धापा टाकत लिफ्टमधून खाली येतो. त्याला कुणी विचारलेलंच नसतं.

हा हिशोब कुत्र्यापुरताच असता तर मी त्यावर अख्खा कॉलम खर्ची घातला नसता. पण माझी कॉलेजातली एक मैत्रीण इंग्लंडमध्ये ब्रिस्टलजवळ राहते. सॉफ्टवेअरमध्ये आहे, टीम लीड वगैरे. गेले तीन हिवाळे आमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर तिचा नवरा, तिचा बॉस आणि तिचा व्हिसा या तिन्ही हॉट टॉपिक्सना मागे टाकून एकच विषय चालू आहे. एक तट्टू. आणि त्याला झूल घालायची की नाही.

हसू नका. तिकडे या प्रश्नावरून यार्डात माणसं एकमेकांशी बोलायची बंद होतात म्हणे.

आधी पात्रपरिचय. तिकडे घोडा सांभाळायला घोड्याचं मालकच असावं लागतं असं नाही. ‘शेअर’ नावाची भानगड असते. घोडा एकाचा, आठवड्याचे दिवस, खर्च आणि कष्ट दोघांत वाटलेले. या तट्टूच्या मालकीणबाई सत्तरीच्या आहेत, गुडघ्यांनी दगा दिलाय, त्यामुळे आठवड्याचे चार दिवस आमच्या मॅडमच्या वाट्याला. कुरण, कुंपण आणि नळ यार्डवाल्याचा, बाकी सगळं तुमचं तुम्ही बघा. ‘ऑफिसात टीम लीड, इथे नुसतीच लीद,’ हा तिचा स्वतःचाच जोक आहे, आणि तो तिने आत्तापर्यंत मला निदान सहा वेळा पाठवलाय.

तट्टू आहे एक्समूर जातीचं. सॉमरसेट आणि डेव्हन या परगण्यांत पसरलेलं जे उघडंबोडकं, वाऱ्याचं माळरान आहे, ते एक्समूर. तिथली ही मूळची जात. खांद्यापाशी जेमतेम चार फूट, तपकिरी रंग, आणि नाक असं फिकट की नुकतंच पिठाच्या डब्यात तोंड घालून आलंय. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीला ही जात पन्नासेक जनावरांवर येऊन ठेपली होती. आजही ती दुर्मीळच मानतात. मूळ इंग्रजी नाव मैत्रिणीच्या आईच्या जिभेवर काही केल्या बसेना, म्हणून डोंबिवलीच्या काकूंनी व्हिडिओ कॉलवरच त्याचं बारसं उरकलं. बंड्या. डोळ्यांवर झुलपं आणि चेहऱ्यावर ‘मी काहीही केलेलं नाही’ हा कायमचा भाव. नाव सही बसलं.

त्याच कॉलवर काकूंनी दुसरीही गोष्ट पाहिली. बाहेर शून्याच्या आसपास तापमान, बारीक बर्फ पडतोय आणि हा पठ्ठ्या उघड्यावर उभा, पाठीवर बोटभर बर्फ.

‘अगं, आत घे की त्याला! निदान गोधडी तरी टाक अंगावर!’

कुठलीही मराठी आई हेच म्हणेल. माझीही म्हणाली असती. पण मैत्रिणीने ही गोष्ट मालकीणबाईंना सांगितली तेव्हा त्या म्हणाल्या, पाठीवरचा बर्फ वितळत नाहीये ना? मग सगळं छान आहे. बर्फ वितळत नाही, याचा अर्थ अंगातली ऊब बाहेर गळत नाहीये. वितळून पाणी व्हायला लागलं असतं तर काळजी करायची.

इथून पुढे मॅडमचं खरं शिक्षण सुरू झालं, आणि व्हॉट्सअ‍ॅपमार्गे माझंही.

घोड्याला हिवाळ्याची खबर थंडीमुळे मिळत नाही, उजेडामुळे मिळते. दिवस लहान व्हायला लागले की शरीर ते मोजतं. आपल्याकडे पोरं गणपतीची वर्गणी मागायला येतात त्या सुमाराला तिकडे ऊन असतानाच बंड्याच्या अंगावर हिवाळी केस फुटायला लागतात. नोव्हेंबरपर्यंत दोन थरांचा कोट तयार. आत लोकरीसारखा दाट मऊ थर, वर लांब, तेलकट, पाणी ओघळवून टाकणारा. शेपटीच्या मुळाशी आखूड राठ केसांचा पंखा असतो, तो पन्हळीसारखं काम करतो. पाणी आणि बर्फ मागच्या नाजूक भागावर न जाता बाजूने खाली. निसर्गाने इंजिनिअरिंग केलंय, आणि तेही सॉलिड.

गार वारा सुटला की कातडीतले बारीक स्नायू हे सगळे केस ताठ उभे करतात. केसांमध्ये हवा अडकते, आणि ती अडकलेली हवा हेच खरं पांघरूण. आता यावर तुम्ही प्रेमाने एक पातळ झूल टाकली की काय होतं? केस दाबले जातात, इस्त्री फिरवल्यासारखे. अडकलेली हवा गेली. म्हणजे त्याची घरची रजई काढून घेऊन त्याला रेल्वेतली चादर दिल्यासारखं. झूल घालायचीच तर ती जाड आणि जलरोधक हवी. आणि एकदा घातली की जबाबदारी तुमची, कारण झुलीखाली केस उभे करून बघता येईना, की हलकं होऊन ऊन खाता येईना.

सुकी हवा आणि वाऱ्याला आडोसा असेल तर दाट हिवाळी केसांचा, अंगाने बरा असलेला तट्टू शून्याखाली आठ-दहा डिग्रीपर्यंतही ऊब टिकवण्यासाठी जादा मेहनत करत नाही. आपण मात्र तेवढ्या थंडीत मरायला टेकलेले असतो. गोंधळ तिथेच आहे. आपण आपली थंडी त्याच्या अंगावर बघतो.

मग विचारायचं कुणाला? तर त्यालाच. ही थट्टा नाही. नॉर्वेमधल्या संशोधकांनी तेवीस घोड्यांना तीन चिन्हं शिकवली. एक पाटी ‘झूल घाला’ची, एक ‘झूल काढा’ची आणि एक ‘आहे तसं राहू द्या’ची. घोड्याने नाकाने ज्या पाटीला शिवायचं, तसं माणसाने करायचं. दोन आठवड्यांत तेवीसच्या तेवीस घोडी शिकली. २०१६ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. उन्हाच्या चांगल्या दिवशी बहुतेकांनी झूल काढायला सांगितलं, आणि गार, ओल्या, वाऱ्याच्या दिवशी घालायला. मला यातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते ती तिसरी पाटी. ‘आहे तसं राहू द्या.’ इतकी साधी पाटी माझ्या ओळखीतल्या कित्येक आयांना, नवऱ्यांना आणि एचआर मॅनेजरांना द्यायला हवी.

ओल्या, वाऱ्याच्या दिवशी मात्र घाला म्हणाले, हे लक्षात ठेवा. कारण इंग्लंडच्या हिवाळ्यात खरा व्हिलन बर्फ नाही, पाऊस आहे. तोही आपल्यासारखा धो धो कोसळून मोकळा होणारा नाही. आडवा, बारीक, आठवडाभर चालणारा. बर्फ कोटावर बसून राहतो, पण असा पाऊस हळूहळू कातडीपर्यंत पोचतो. कोट आतून भिजला की अडकलेली हवा संपली, ऊब संपली. पाच डिग्री आणि पाऊस हे उणे पाच आणि कोरडं यापेक्षा वाईट. म्हणूनच तिकडची जाणती माणसं बंद तबेल्यापेक्षा आडोशाच्या मागे असतात. तीन बाजूंनी बंद, एका बाजूने उघडी शेड, तीही वाऱ्याकडे पाठ करून. नाहीतर एखादी दाट उंच कुंपणझाडी. जनावर स्वतःच ठरवतं कधी आत जायचं. बंड्या तर शेड असूनही कित्येकदा झाडीला पाठ लावून बाहेरच उभा असतो. मॅडम बिचाऱ्या शेडमध्ये नवा पेंढा पसरून बसलेल्या.

आणि चिखल. तिच्या फोटोंमधला निम्मा हिवाळा चिखलाच्या रंगाचा आहे. फाटकापाशी, पाण्याच्या टाकीपाशी, जिथे म्हणून घोडी उभी राहतात तिथे गुडघाभर राडा. सतत ओलं राहिलं की पायांची कातडी फुटते, जिवाणू शिरतात, खपल्या धरतात. तसंच पाठीवरही होतं. आपला पहिला विचार काय? पाय स्वच्छ धुवू या. तिकडे म्हणतात, रोज रोज धुऊ नका, आणखी ओलं करताय. वाळू द्या, मग ब्रशने झाडा. खराराही हिवाळ्यात बेताचाच, कारण केसांतलं तेल हाच त्याचा रेनकोट असतो. चकचकीत घासून काढलेला घोडा फोटोत छान दिसतो आणि पावसात भिजतो.

बरं, झूल नाही, तबेला नाही, मग ऊब येते कुठून? पोटातून. अगदी अक्षरशः. घोड्याच्या मोठ्या आतड्यात गवताचा राठ, तंतुमय भाग सूक्ष्मजंतू आंबवत बसतात आणि त्यातून सतत उष्णता निघत राहते. एक मंद पेटलेली शेगडी समजा. तिला सरपण हवं, आणि सरपण म्हणजे वाळलेलं गवत. दाणा नाही. थंडी वाढली की आपल्याला वाटतं काहीतरी पौष्टिक, गरमागरम खाऊ घालावं, पण दाणा पटकन पचून जातो. गवत तासन्‌तास धुमसत राहतं. मोजमाप सांगायचं तर वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडा चारा रोज. बंड्या तीनशे किलोच्या आसपास, म्हणजे पाच-सहा किलो गवत. थंडी त्याच्या सोसण्यापलीकडे गेली की प्रत्येक डिग्रीमागे आणखी दोन-अडीच टक्के ऊर्जा लागते. रात्री झोपायच्या आधी गवताची एक जादा पेंढी टाकून येणं हे दहा झुलींच्या बरोबरीचं, असं मालकीणबाईंचं मत आहे.

शेगडीला सरपणाइतकंच पाणीही लागतं, आणि हा मुद्दा सगळ्यात जास्त विसरला जातो. उन्हाळ्यात हिरव्या गवतातच भरपूर पाणी असतं, जवळजवळ ऐंशी टक्के. हिवाळ्यातलं वाळलेलं गवत म्हणजे कोरडं ठणठणीत. म्हणजे प्यायला जास्त हवं, आणि नेमकं तेव्हाच टाकीवर बर्फाची काच धरते. समोर पाणी असूनही घोडं कमी पितं, आतड्यातलं गवत कोरडं होऊन अडकतं, पोटशूळ उठतो. घोड्याला उलटी करता येत नाही. पोटशूळ त्याच्या जिवावर बेततो. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९४ मध्ये पोनींवरच एक अभ्यास केला होता. गोठत आलेल्या पाण्याऐवजी कोमट केलेलं पाणी ठेवलं तर त्या थंडीत साधारण चाळीस टक्के जास्त पाणी प्यायल्या. तेव्हापासून, म्हणजे हे वाचल्यापासून, आमच्या मॅडम ऑफिसच्या आधी गाडीत दोन मोठे थर्मास घेऊन जातात. नवऱ्याला चहाचा थर्मास मिळत नाही, ही वेगळी तक्रार.

पाण्याची ही गोष्ट इंग्लंडपुरती नाही. तुमच्यापैकी कितीजण केदारनाथला घोड्यावरून गेले असतील? देवळाची दारं भाऊबीजेला बंद होतात, तोपर्यंत घोडी आणि खेचरं साडेतीन हजार मीटर उंचीपर्यंत वर-खाली करत असतात, मे महिना असला तरी गारठ्यातच. २०२२ च्या यात्रेत त्या वाटेवर ती मोठ्या संख्येने मेली. कारणांमध्ये पोटशूळाचं नाव पुन्हा पुन्हा आलं. कोरडा चारा, विश्रांती नाही आणि ओढ्याचं बर्फगार पाणी. त्यानंतर वाटेवर जनावरांसाठी गरम पाण्याची सोय करावी लागली. बातमी वाचून तेव्हा कुणीतरी हसलं होतं, घोड्यांना गीझर म्हणून. कारण एकच होतं, आणि ते वर सांगितलंय.

उलट लडाखमध्ये बघा. झंस्कारी तट्टू तिथलंच, बुटकं, केसाळ, काटक. तिथली थंडी ब्रिस्टलवाल्यांनी स्वप्नातही पाहिलेली नसेल. तिथे उन्हाळा संपता संपता घरांच्या सपाट छपरांवर गवत आणि लसूणघास वाळत पडलेला दिसतो. ट्रेकला गेलेलो आपण त्याचे फोटो काढतो, ‘सो रस्टिक’ लिहून टाकतो. ती जनावरांची सहा महिन्यांची शेगडी आहे. छपरावर चारा किती, यावर गोठ्यातल्यांचा हिवाळा ठरतो.

या सीझनला गुलमर्ग किंवा मनालीचं बुकिंग केलेल्यांसाठी एक कामाची गोष्ट सांगते. बर्फात उभ्या असलेल्या तट्टूकडे बघून डोळे पाणावू नका, त्याची ती थंडी बहुधा त्याला पेलते. चढ चढून आल्यावर मात्र खोगिराखाली हात घालून बघा. घामाने चिंब असेल तर तोच तो आतून भिजलेला कोट. अशा वेळी ‘भैया, थोडा भगाओ ना’ म्हणू नका, आणि उतरल्यावर अंग सुकेपर्यंत घोडेवाला त्याला जरा चालवत असेल किंवा पाठीवर घोंगडं टाकत असेल तर वेळ लागतोय म्हणून कटकट करू नका. कान गार लागले म्हणजे थंडी वाजते असंही नाही. पुढच्या पायांच्या मध्ये, छातीच्या खाली हात लावायचा. तिथे ऊब हवी. आणि दरात घासाघीस करताना एवढं आठवा की आजच्या फेरीचे पैसे संध्याकाळी चारा होऊन त्याच्या पोटात जाणार आहेत.

असो. बंड्याकडे येते, कारण तिथली गोष्ट थर्मासवर संपली नाही.

पहिले दोन हिवाळे मजेत गेले. मजेत म्हणजे मॅडमच्या दृष्टीने. डिसेंबरात तिकडे सकाळी आठनंतर उजाडतं आणि चारला अंधार होतो, त्यामुळे आठवड्याचे चार दिवस कपाळावर बॅटरी बांधून दोन फेऱ्या. बर्फ फोडायचा, फोडलेले तुकडे बाहेर काढून टाकायचे, नाहीतर तासाभरात पुन्हा जोडले जातात. गवत टाकायचं, लीद उचलायची, खुरातला बर्फाचा गोळा काढायचा. मग केसात गवताच्या काड्या घेऊन स्टँड-अप मीटिंग. बंड्या सप्टेंबरात गोलमटोल व्हायचा आणि मार्चपर्यंत जरा सुकायचा. त्यातही काही वावगं नाही, उलट तसंच व्हायला हवं. या जातींची घडणच तशी आहे. शरदात चरबी साठवायची, हिवाळ्यात वापरायची. जर्मनीतल्या ग्योटिंगेन विद्यापीठात शेटलंड पोनींवर झालेल्या अभ्यासात तर असं दिसलं की कडक हिवाळ्यात आणि कमी चाऱ्यावर त्या शरीराचा सगळा खर्चच कमी करून टाकतात, जवळजवळ पॉवर सेव्हिंग मोडवर. प्रेमापोटी हिवाळाभर झूल आणि दाणा दिला की तट्टू वसंतात जाड्याचा जाड्याच शिरतं, आणि मग नव्या गोड गवतावर पायांच्या खुरांना सूज येते. ती अशी की कधी कधी जनावर उठत नाही. तिकडच्या तट्टूंना उपासमारीइतकाच लाडांचाही धोका असतो.

तिसऱ्या वर्षी, म्हणजे गेल्या जानेवारीत, तो नेहमीपेक्षा जास्त सुकला. आणि गंमत अशी, गंमत कसली, पण ते दिसलंच नाही. हिवाळी कोट इतका दाट की लांबून बघणाऱ्याला तो तसाच टेडी बेअर. फोटोत मलाही तसाच वाटला होता. मालकीणबाई यार्डात आल्या आणि हातमोजा काढून त्यांनी केसांत बोटं खुपसून बरगड्या चाचपल्या. मग कणा, मग मागचे पुठ्ठे. बोटांना सरळ हाडं लागत होती. हाताने चाचपून गुण द्यायची एक पद्धत आहे, टेक्सासमधल्या हेनेके यांनी १९८३ मध्ये ती बसवली. एक म्हणजे सापळा, नऊ म्हणजे अतिलठ्ठ, पाच म्हणजे छान. बंड्याला मिळाले तीन. कोट डोळ्यांना फसवतो, आणि वरून झूल असती तर हात घालायचीही कुणाला आठवण झाली नसती.

कारण सापडलं कुंपणापाशी. गवताचे चघळून टाकलेले ओले गोळे, लिंबाएवढे. बंड्या चोवीस वर्षांचा. घोड्याचे दात आयुष्यभर हिरडीतून थोडे थोडे वर येत राहतात आणि झिजत राहतात. पंचविशीच्या आसपास तो साठा संपत येतो. तो खात होता, निदान दिवसभर तोंड हलत होतं, पण गवत बारीक होऊन पोटात जातच नव्हतं. शेगडी सरपणाशिवाय जळत होती आणि जळण म्हणून त्याचं स्वतःचंच अंग वापरत होती.

मग दातांची डॉक्टर आली, टोकं घासून दिली, एक हलणारा दात काढला. मऊ आंबोण सुरू झालं. साखर काढलेल्या बीटचा चोथा आणि गवताच्या गोळ्या, रात्रभर भिजवून, दिवसातून तीनदा. मॅडमच्या वाट्याच्या चार दिवसांचे सहा झाले. आणि बंड्याला झूल आली. जाड, जलरोधक, मानेपर्यंतची. म्हाताऱ्या, वाळलेल्या जनावराचा हिशोब वेगळा असतो, रेसकोर्सवरच्या पातळ कातडीच्या किंवा केस कापलेल्या घोड्याचा वेगळा असतो तसाच. फक्त एक अट. रोज एकदा ती पूर्ण काढायची, खाली हात फिरवायचा, खांद्याला घासलंय का बघायचं, ऊन असेल तर तासभर तसंच ठेवायचं. डोंबिवलीहून ‘बघ, मी काय म्हणत होते’ असा मेसेज आला. कुणीही वाद घातला नाही.

मार्चपर्यंत गुण चारावर आले.

आता मला लिहायला अवघड जाणारा भाग. तिकडे म्हाताऱ्या घोड्यांच्या बाबतीत एक प्रश्न ऑक्टोबरात विचारतात. याला हा हिवाळा दाखवायचा का? म्हणजे जानेवारीच्या चिखलात तो एका रात्री आडवा पडून सकाळपर्यंत तडफडण्याआधी, शरदाच्या उन्हात, पोट भरलेलं असताना, डॉक्टरांना बोलवायचं का? मैत्रिणीने हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती दोन दिवस मालकीणबाईंशी बोलली नाही. आपल्याकडे असं कुणी उघड बोलत नाही. आपण पांजरपोळात नेऊन सोडतो आणि पुन्हा बघायला जात नाही. मला मालकीणबाईंचा प्रश्न जास्त प्रामाणिक वाटला. त्यांचं म्हणणं इतकंच की हा निर्णय वादळाच्या रात्री रडत घ्यायचा नसतो.

या ऑक्टोबरात तिघी बसल्या. त्या, माझी मैत्रीण आणि घोड्यांची डॉक्टर. इंग्लंडचा २००६ चा प्राणी कल्याण कायदा सांगतो की जनावर ज्याच्या ताब्यात त्याने त्याच्या गरजा भागवल्याच पाहिजेत, योग्य आहार, योग्य जागा, आणि वेदनेपासून बचाव. यादी कागदावर सोपी आहे. डॉक्टरने बरगड्या चाचपल्या, खूर पाहिले, त्याला गोल गोल चालवून पाहिलं. दर दोन आठवड्यांनी वजनाची फीत लावून आकडा वहीत लिहायचा ठरलं. आणि तीन गोष्टी लिहून काढल्या. आंबोण खायचं सोडलं, पडल्यावर स्वतःहून उठता आलं नाही, किंवा झूल घालूनही थरथरत राहिला, यातलं काहीही एक झालं तर फोन करायचा आणि मग ‘अजून एक आठवडा बघू’ म्हणायचं नाही. तिघींनी सह्या केल्या. कागद यार्डातल्या फळीवर डकवलाय, गवताच्या बिलाशेजारी.

या महिन्यात फीतीवरचा आकडा हललेला नाही. मागच्या आठवड्यात सलग पाच दिवस आडवा पाऊस झाला. बंड्या झुलीत होता, झाडीला पाठ लावून. सहाव्या दिवशी ऊन पडलं तेव्हा झूल काढली आणि तो फाटकाजवळच्या सगळ्यात घाण जागी जाऊन मनसोक्त लोळला. पाठ, मान, नाक, सगळं चिखलात. लोळला आणि एका दमात उठला, हे तिने मला दोनदा लिहिलं.

गवताच्या गाठी मोजल्या तर मार्चअखेरपर्यंत पुरतील. दातांची डॉक्टर फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात यायची आहे.